शुक्रवारी ठरलं, शनिवारी चिखलदरा: ऐनवेळी डोंगरावर निघणाऱ्यांसाठी

आमच्या अमरावती जिल्ह्यातल्या दर्यापूर पट्ट्यात मेळघाटातल्या चिखलदऱ्याची, म्हणजे जवळच्या थंड हवेच्या डोंगराची, सहल महिनाभर आधी ठरत नाही. सोयाबीन कधी सोंगून होईल, हडंबा (मळणी यंत्र) कधी मिळेल, परतीचा पाऊस कुठल्या दिवशी येऊन गंजी भिजवेल, कशाचाच भरवसा नसतो. मग एखाद्या शुक्रवारी माल घरात पडतो, कापूस फुटायला अजून आठ-दहा दिवस असतात, आणि रात्री जेवताना कोणीतरी म्हणतं, "चला नं, चिखलदऱ्याले जाऊन येऊ." लेकरं तेवढ्यावर पिशवीत कपडे भरायला बसतात.

हा लेख अशा घरांसाठी आहे. हॉटेलचं बुकिंग, घाटातली गाडी, जंगलाची तिकिटं यांची सवय नसेल तर पहिल्या खेपेला फार गोंधळ होतो आणि अर्धा दिवस फोनवर जातो. दोन गोष्टी पक्क्या धरून चाला: खोली ठरल्याशिवाय निघायचं नाही, आणि अंधारात घाट चढायचा नाही. बाकीचं वाटेत जमवता येतं.

1. शनिवार कोणता, ते आधी बघा

सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरचा मध्य हा चिखलदऱ्याचा सगळ्यात देखणा काळ. पाऊस ओसरलेला, धबधबे चालू, दऱ्या हिरव्या आणि सकाळी धुकं. दिवाळी जवळ आली की गवत पिवळं पडायला लागतं आणि भीमकुंड धबधब्याची धार बारीक होते, पण रात्रीची थंडी मस्त सुरू होते. धबधबा बघायचा असेल तर लवकर निघा, शेकोटीची हौस असेल तर उशिरा.

खाली ऑक्टोबर हीटने अंग भाजत असताना वर गार का वाटतं, हे लेकरं हमखास विचारतात. चिखलदरा समुद्रसपाटीपासून सुमारे 1,118 मीटरवर आहे. हवा साधारण दर हजार मीटरला सहा-साडेसहा अंशांनी थंड होत जाते. आपण पूर्णेच्या खोऱ्यातून जवळपास 800 मीटर वर चढतो, म्हणजे पाचेक अंशांचा फरक पडणारच. त्यात वारा असला की स्वेटर लागतोच.

टाळायचे शनिवार सांगतो: दसऱ्याला जोडून आलेला, 2 ऑक्टोबरला लागून आलेला, कोजागिरीचा आणि दिवाळीनंतरच्या आठवड्यातला. कोजागिरीला वरचं चांदणं बघण्यासारखं असतं यात वाद नाही, पण त्या रात्री अर्धा जिल्हा दुधाची पातेली घेऊन तिथेच असतो. ऐनवेळी खोली मिळायची आशा धरू नका.

परतीच्या पावसात दुपारनंतर ढग जमून विजा पडतात, आणि डोंगरमाथ्यावर उघड्या पॉईंटवर उभं असताना त्या सगळ्यात धोक्याच्या. शुक्रवारी रात्री हवामान खात्याचा जिल्ह्याचा अंदाज बघा. शेतीसाठी फोनमध्ये 'दामिनी' ॲप असेलच. ते आसपासच्या 20 ते 40 किलोमीटरमधल्या विजांची सूचना देतं. वर गेल्यावरही ते चालू ठेवा. ऑरेंज अलर्ट असेल तर शनिवार पुढे ढकला, डोंगर कुठे जात नाही.

शाळेत नोकरी असेल तर शनिवारची सकाळची शाळा सुटल्यावर निघूनही उजेडात पोहोचता येतं. शेतीवाल्यांना मात्र खरं तर शनिवार-रविवारची गरजच नाही. सोमवार-मंगळवार जमत असेल तर तेच धरा. गर्दी निम्मी, खोलीचा भाव पडलेला आणि हॉटेलवाला दोन गोष्टी नीट बोलतो.

2. खोली

इथे सगळ्यात जास्त वेळ द्या. शुक्रवारी रात्री उशिरा फोन करून उपयोग नसतो. ठरल्याबरोबर, ताटावरून उठताच फोन लावा.

पर्याय चार प्रकारचे. एमटीडीसीचं (राज्याच्या पर्यटन महामंडळाचं) पर्यटक निवास, त्याचं बुकिंग त्यांच्या संकेतस्थळावरून होतं. खासगी हॉटेलं आणि रिसॉर्ट. गावातल्या लोकांनी घराला जोडून काढलेल्या खोल्या. आणि चौथा, शासकीय विश्रामगृह. हा चौथा पर्याय ऐनवेळी विसरा. तिथे साहेब लोकांचा नंबर आधी लागतो, आणि तुमच्या ओळखीच्या माणसाने "सांगून ठेवतो" म्हटलं तरी रात्री आठ वाजता एखादा साहेब येऊन थडकला की तुम्हाला सामान उचलावं लागतं. वन विभागाची सेमाडोह आणि कोलकासची निवासस्थानं सुंदर आहेत, पण ती चिखलदऱ्यात नाहीत, जंगलात खाली आहेत. तिथे जायचं तर सहलच वेगळी आखावी लागते.

फोनवर बोलणं साधारण असं होतं:

"भाऊ, शनिवारची एक रात्र. चार मोठे, दोन लेकरं. खोली आहे का?"
"आहे नं दादा, या तुम्ही."

या "या तुम्ही"वर गाडी काढू नका. तो चार जणांना तेच सांगतो, जो आधी पोहोचेल त्याला खोली देतो, आणि उरलेल्यांना भावाच्या नाहीतर साळ्याच्या हॉटेलात पाठवतो. पक्कं करून घ्यायचं ते असं: खोली कितीजणांची, जादा गादीचे किती, गरम पाणी किती ते किती वाजेपर्यंत, लाइट गेली तर काय, गाडी आत उभी राहते का, रात्रीचं जेवण किती वाजेपर्यंत मिळतं, आणि दुसऱ्या दिवशी खोली किती वाजता सोडायची. हा शेवटचा प्रश्न कोणी विचारत नाही. काही ठिकाणी चोवीस तासांचा हिशेब असतो, काही ठिकाणी सकाळी दहालाच दार वाजतं. मग थोडा ॲडव्हान्स पाठवा आणि व्हॉट्सॲपवर तारीख, रक्कम, माणसं असं लिहून मागा. "मिळाले" एवढं उत्तर आलं तरी चालतं. लिहिलेलं असलं की काउंटरवर भांडावं लागत नाही.

इथला मोठा सापळा म्हणजे खोट्या साइटी. गुगलवर चिखलदरा हॉटेल शोधलं की पहिल्या काही ओळींत जाहिराती येतात. त्यात सरकारी पर्यटक निवासाच्या नावाची नक्कल करणारेही असू शकतात. फोनवर गोड बोलणारा माणूस पूर्ण पैसे आधी मागत असेल, "ऑफर आज रात्रीपर्यंतच" म्हणत असेल, किंवा क्यूआर कोड पाठवून "स्कॅन करा, पैसे परत येतील" असं काही सांगत असेल तर फोन ठेवा. पैसे घ्यायला स्कॅन करावं लागत नाही, पिनही टाकावा लागत नाही. आणखी एक सोपी परीक्षा: त्याला विचारा, तुमचं हॉटेल कुठल्या पॉईंटच्या रस्त्यावर आहे, जवळ काय आहे. खरा माणूस लगेच सांगतो.

3. घर, गोठा आणि गंजी

शहरातल्यांच्या यादीत हा भाग नसतो, आपल्या यादीत पहिला. दोन दिवस गाई-म्हशींची धार कोण काढणार, बैलांना पाणी कोण दाखवणार, हे शुक्रवारी रात्रीच ठरवा. शेजाऱ्याला नुसतं "लक्ष ठेवजो" म्हणून भागत नाही. ढेप कुठे ठेवली, कुट्टी किती टाकायची, ते दाखवून द्या. पोतं बाहेर असेल तर आत घ्या, गंजी उघडी असेल तर ताडपत्री बांधून दगड ठेवा. नाहीतर वर पंचबोल पॉईंटवर उभा राहूनही माणूस आभाळाकडेच बघत बसतो.

4. गाडी की एसटी

एसटीने जायचं तर आधी परतवाडा गाठा. अमरावतीहून परतवाडा पन्नासेक किलोमीटर, आणि तिथून वर चिखलदरा साधारण तीस. लांबून रेल्वेने येणाऱ्यांनी बडनेऱ्याला उतरावं, हावडा-मुंबई मार्गावरचं ते मोठं जंक्शन आहे. परतवाड्याहून वर जाणाऱ्या गाड्या आहेत, पण शेवटची गाडी किती वाजता हे मोबाइलवर न बघता बसस्टँडच्या चौकशी खिडकीवरच विचारा. परतीची शेवटची गाडीसुद्धा तेव्हाच विचारून ठेवा.

एसटीत बायकांना मार्च 2023 पासून निम्मं तिकीट आहे. 65 ते 75 वयाच्यांनाही निम्मं, आणि 75 च्या पुढच्यांना प्रवास मोफत. आजी-आजोबांचं आधार कार्ड त्यांच्या पिशवीत नको, तुमच्या खिशात ठेवा. ही सवलत महाराष्ट्राच्या हद्दीपुरतीच आहे, मध्य प्रदेशात जाणाऱ्या गाडीत सीमेपलीकडचं तिकीट पूर्ण लागतं.

एसटीची अडचण वर गेल्यावर कळते. पॉईंट एकमेकांपासून लांब आहेत, म्हाताऱ्या माणसांना आणि लहान लेकरांना पायी फिरवणं होत नाही. वर भाड्याच्या गाड्या मिळतात. बसण्याआधी कोणकोणते पॉईंट, प्रत्येक ठिकाणी किती वेळ थांबणार आणि एकूण किती, हे बोलून घ्या. "सगळे पॉईंट दाखवतो" म्हणजे तीन ठिकाणी पाच-पाच मिनिटं आणि एका दुकानात अर्धा तास, असंही होतं.

गावातून गाडी भाड्याने करत असाल तर नंबर प्लेट बघा. पिवळ्या पाटीची गाडी घ्या. पांढऱ्या पाटीची खासगी गाडी भाड्याने नेली आणि वाटेत काही झालं, तर विमा कंपनी हात वर करते. ओळखीचा असला तरी हे बोला. भाव किलोमीटरचा की दिवसाचा, ड्रायव्हरचा रात्रीचा भत्ता कोणाकडे, त्याच्या झोपायची सोय कोण करणार, हे आधीच ठरवा, आणि निघताना मीटरचा फोटो काढा.

स्वतःची गाडी असेल तर शुक्रवारीच टायर, ब्रेक, वायपर आणि हेडलाइट बघून घ्या. गावच्या सपाट रस्त्यावर कमजोर ब्रेक चालून जातात, घाटात नाही. दुचाकीवर तिघं जाऊच नका, आणि मागे बसणाऱ्यालाही हेल्मेट लागतं.

5. सोबत काय घ्यायचं

कागदपत्रं:
- प्रत्येक मोठ्या माणसाचं आधार कार्ड किंवा दुसरं सरकारी ओळखपत्र. हॉटेलवाला सगळ्यांचं मागतो, एकाचं दाखवून चालत नाही.
- गाडीचं आरसी, विमा, पीयूसी आणि चालवणाऱ्याचं लायसन्स. डिजिलॉकर किंवा एम-परिवहनमधले चालतात, पण ते घरूनच उघडून बघा. घाटात रेंज गेली की ॲप उघडत नाही.
- खोलीच्या बुकिंगचा स्क्रीनशॉट आणि हॉटेलवाल्याचा नंबर कागदावर लिहून.

बाकी सामान:
- रोख पैसे. मेळघाटात नेटवर्क येतं-जातं, यूपीआय अडकतं. एटीएमचं काम परतवाड्यातच उरका.
- ऑफलाइन नकाशा डाउनलोड करून.
- प्रत्येकाला एक स्वेटर किंवा शाल, म्हाताऱ्यांना कानटोपी. दुपारी खाली घाम येत असतो म्हणून हेच घरी राहतं.
- बॅटरी (टॉर्च), चांगली. मोबाइलची नाही.
- चप्पल नाही, पकड असलेले बूट. पाऊस नुकताच थांबलेला असतो आणि दगडांवर शेवाळ असतं.
- गाडी लागणाऱ्यांसाठी डॉक्टरांना विचारून गोळी, घाट सुरू व्हायच्या अर्धा तास आधी. आणि कागदी पिशव्या, ढिगाने.
- बीपी-शुगरच्या गोळ्या दोन दिवसांच्या नव्हे, चार दिवसांच्या.

6. वाट आणि घाट

आमच्याकडून निघालं की दर्यापूर, अंजनगाव सुर्जी, परतवाडा. अंजनगावातून जाताना लेकरांना सांगायला एक गोष्ट आहे. 30 डिसेंबर 1803 ला दौलतराव शिंदे आणि इंग्रज यांच्यात झालेला तह याच गावाच्या नावाने ओळखला जातो. त्याच्या पंधरवडाभर आधी, 15 डिसेंबरला, इंग्रज सेनापती आर्थर वेलस्लीने नागपूरकर भोसल्यांचा चिखलदऱ्याजवळचा गाविलगड किल्ला घेतला होता. हाच माणूस पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला आणि 1815 मध्ये वॉटर्लूला नेपोलियनला हरवून बसला. वर जाऊन किल्ला बघाल तेव्हा ही गोष्ट डोक्यात असू द्या, नुसते दगड बघितल्यासारखं होत नाही.

परतवाड्यापर्यंतच्या रस्त्यावर ऑक्टोबरमध्ये एक वेगळाच धोका असतो आणि तो आपणच तयार केलेला आहे. गावाजवळ अर्ध्या रस्त्यावर सोयाबीन वाळत घातलेलं, कडेने दगड मांडलेले. दिवसा दिसतं, संध्याकाळी ते दगड दिसत नाहीत. त्यात ट्रॉलीला मागे लाल दिवा नाही, बैलगाडीला रिफ्लेक्टर नाही. म्हणून येतानाही, जातानाही, हा पट्टा उजेडात पार करा.

परतवाड्यात टाकी भरा, पुढचा भरवसा धरू नका. सीएनजीवाल्यांनी पेट्रोलची टाकीही भरून घ्यावी. चढावर गाडी पेट्रोलवर बरी ओढते. इथून वर जायला दोन वाटा आहेत. एक धामणगाव गढीवरून थेट घाट चढते. दुसरी धारणीच्या रस्त्याने घटांगपर्यंत जाते आणि तिथून चिखलदऱ्याकडे वळते. पहिली जवळची. जोराचा पाऊस होऊन गेला असेल तर दरड पडून एखादा रस्ता बंद असू शकतो, म्हणून परतवाड्यात चहाच्या टपरीवर वरून आलेल्या ड्रायव्हरला विचारा. नकाशापेक्षा तो खरं सांगतो.

ऑक्टोबरच्या मध्यावर सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, आणि घाटात डोंगराच्या सावलीमुळे अंधार त्याच्याही आधी पडतो. चार वाजेपर्यंत परतवाडा सोडता आलं नाही तर ताण न घेता त्या रात्री परतवाड्यात किंवा अचलपुरात लॉज बघा आणि पहाटे चढा. हॉटेलवाल्याला फोन करून तसं सांगा, नाहीतर खोली दुसऱ्याला जाते.

घाटात नव्याने गाडी चालवणाऱ्यांसाठी थोडक्यात: चढणाऱ्या गाडीला वाट आधी द्यायची असते. वळणावर हॉर्न वाजवा, वळणावर ओव्हरटेक नाही, आणि फोटोसाठी वळणावर गाडी उभी करायची नाही, मागे एसटी असते. धुक्यात हाय बीम लावला तर समोर पांढरी भिंत उभी राहते. लो बीम ठेवा, काच थोडी खाली घ्या, म्हणजे समोरच्या गाडीचा आवाज येतो. उतरताना ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये उतरा. पेट्रोल वाचवायला न्यूट्रल करून उतरणारे आपल्याकडे फार आहेत, आणि ब्रेक तापून निकामी होतात ते असेच. जळका वास आला की मोकळी, सपाट जागा बघून थांबा, ब्रेक गार होऊ द्या.

7. वर काय बघायचं, काय सोडायचं

यादी हातात आली की लोक सगळ्या पॉईंटला पाय लावून यायचं ठरवतात. तसं करू नका. शनिवारी संध्याकाळ आणि रविवार सकाळ एवढाच वेळ हातात असतो. माझं मत विचाराल तर असं:

शनिवारी पोहोचल्यावर सामान टाकून सरळ देवी पॉईंटला जा. कपारीत देवीचं ठाणं आहे, कातळातून पाणी झिरपत असतं, पुढे खोल दरी. दर्यापुरातून वाहते ती चंद्रभागा याच डोंगरातून खाली उतरते. उन्हाळ्यात पुलावरून कोरडं पात्र बघणाऱ्या आमच्यासारख्यांना इथलं पाणी बघून बरं वाटतं. आईला ओटी भरायची असेल तर सामान घरूनच घ्या. मग अंधार पडेपर्यंत शक्कर तलावाकडे फिरा आणि खोलीवर या. रात्री पॉईंटला जायचं काहीही कारण नाही, बिबट आणि अस्वल दोन्ही या भागात आहेत.

रविवारी पहाटे, धुकं उठायच्या आत, पंचबोल. दरीत हाक मारली की डोंगर परत बोलतात. पाच वेळा ऐकू येते असं सांगतात. आपण मोजत बसावं. गर्दी झाल्यावर सगळे एकदम ओरडतात आणि कोणाचंच ऐकू येत नाही, म्हणून पहाट. मग भीमकुंड. कीचकाला मारून भीमाने हात इथे धुतले, अशी गोष्ट वरच्या लोकांत सांगितली जाते. कठड्याच्या पलीकडे जाऊन सेल्फी घेणारे दर वर्षी असतात. लेकरांचा हात धरून ठेवा.

त्यानंतर गाविलगड. याला किमान दोन-अडीच तास द्या, नाहीतर जाऊच नका. किल्ला मेळघाट व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीत येतो, त्यामुळे नाक्यावरचे नियम आणि वेळ पाळावी लागते. 1425 च्या सुमारास बहमनी सुलतान अहमदशाहाने तो बांधून काढला. दिल्ली दरवाजावरचं गंडभेरुंडाचं शिल्प जवळून बघा: दोन तोंडांचा पक्षी आणि त्याच्या पंजांत-चोचीत हत्ती. आत मशीद, तलाव, मोठ्या तोफा आहेत. आत फार लांबवर पसरलेली वस्ती होती, आता गवत आणि झाडोरा. पावसाळ्यानंतर गवत कमरेपर्यंत असतं, त्यामुळे पायवाट सोडू नका, सापांचा काळ आहे. पाणी खालून न्या.

हरिकेन, प्रॉस्पेक्ट, मोझरी हे पॉईंट वेळ उरला तर. सगळीकडून दरीच दिसते, आणि दोन-तीन दऱ्यांनंतर लेकरांना भूकच लागते. वैराट हे मेळघाटातलं सगळ्यात उंच ठिकाण, 1,178 मीटर, तिथला सूर्यास्त मात्र खरोखर चांगला. पण तो व्याघ्र प्रकल्पाचा भाग आहे आणि प्रवेशाचा हिशेब वेगळा. आधी चौकशी केली असेल तरच.

जंगल सफारी? ऐनवेळच्या सहलीत मी तरी धरणार नाही. पावसाळ्यातली बंदी उठून ऑक्टोबरात गाभा क्षेत्र खुलं होतं आणि बुकिंग 'मॅजिकल मेळघाट' या संकेतस्थळावर होतं. जागा दिसली तर घ्या. पण ताडोब्यासारखा वाघ दिसेल असं मनात धरून जाऊ नका, इथलं जंगल डोंगराळ आणि दाट आहे. रानगवा दिसेल, आणि नशीब असेल तर रानपिंगळा. ज्याला लोक संपलाच समजत होते आणि जो 1997 मध्ये शहाद्याकडे पुन्हा सापडला, तोच हा छोटा घुबड, मेळघाटातही आहे.

8. खाणं

शनिवार दुपारचं घरून बांधून न्या. ज्वारीची भाकरी, मिरचीचा ठेचा, कोरडा झुणका आणि कांदा. हे संध्याकाळपर्यंत खराब होत नाही. पोळी-भाजी नेणार असाल तर भाजी कोरडीच हवी. रोडगे लावायची हौस असेल तर वर विस्तव पेटवू नका, जंगलात परवानगी नाही, आणि ऑक्टोबरचं गवत वरून हिरवं दिसलं तरी खालून वाळायला लागलेलं असतं.

वर खवा आणि रबडी जरूर घ्या. या डोंगरावर गवळी लोकांची जुनी वस्ती आहे आणि दूध घट्ट असतं. रबडी तिथेच उभं राहून खाण्याची गोष्ट आहे. घरी न्यायची तर खवा घ्या, आणि तोही रविवारी निघताना. कॉफीची झाडं चिखलदऱ्यात लावली गेली आहेत, महाराष्ट्रात अशी ठिकाणं नाहीतच म्हटलं तरी चालेल. पूड घेताना मात्र वास घेऊन घ्या, पाकिटावरच्या नावावर जाऊ नका. वाटेत सीताफळं मिळतील. डोळे उघडलेली पण कडक घ्या, घरी दोन दिवसांत पिकतात. जवळचं आमझरी मधासाठी ओळखलं जातं.

रात्रीचं जेवण आल्याबरोबर सांगून ठेवा. ऐन नऊ वाजता गेलात तर जे उरलंय तेच मिळतं.

9. वानरं, कोरकू वस्त्या आणि रेंज

वानरांना काही खायला देऊ नका, हातात पिशवी धरून फिरू नका, गाडीच्या काचा बंद ठेवा. ती पिशवीच्या आवाजावर येतात.

वाटेत कोरकू आदिवासींच्या वस्त्या लागतात. घरासमोर गाडी थांबवून लेकरांचे, बायांचे फोटो काढणं बरं दिसत नाही. आपल्या अंगणात येऊन कोणी असं केलं तर आपण काय म्हणू? काही विकत असतील तर घ्या, घासाघीस दोन रुपयांसाठी करू नका.

फोनमध्ये हे नंबर असू द्या: 112 सगळ्या अडचणींसाठी, 108 ॲम्ब्युलन्स, आणि 1926 वन विभागाची हेल्पलाइन. चिखलदऱ्यात ग्रामीण रुग्णालय आहे, मोठं काही असेल तर अचलपूरचं उपजिल्हा रुग्णालय गाठावं लागतं.

10. खोली मिळालीच नाही तर

लेकरांचं तोंड उतरलेलं असतं आणि "जाऊन बघू, मिळेलच" असं म्हणायचा मोह होतो. त्याऐवजी दिवसभराचं एखादं ठिकाण धरा.

अकोटकडच्यांना नरनाळा सगळ्यात सोयीचा. शहानूरच्या नाक्यावरून वर जायचं, महाकाली दरवाजा आणि नऊगजी तोफ बघायची आणि दुपार उलटताच खाली यायचं. वर मुक्काम नाही, दुकान नाही, पाणी-डबा सोबत. मोर्शीकडच्यांना साळबर्डी, तिथल्या गुहेतल्या महादेवाला छोटा महादेव म्हणतात, आणि वाटेतलं जंगल ऑक्टोबरात छान असतं. परतवाड्याजवळ मुक्तागिरी: जैनांचं सिद्धक्षेत्र, डोंगरउतारावर 52 मंदिरं आणि मध्ये धबधबा. ठिकाण बैतूल जिल्ह्यात म्हणजे मध्य प्रदेशात येतं, पण परतवाड्याहून अगदी जवळ. पायऱ्या बऱ्याच आहेत, गुडघेदुखीवाल्यांनी विचार करून चढावं, आणि चामड्याच्या वस्तू खालीच ठेवाव्यात.

पचमढीचं नाव हमखास निघतं, कारण महादेवाच्या आणि नागद्वारीच्या यात्रेमुळे आपल्याकडच्या प्रत्येक घरात कोणीतरी जाऊन आलेलं असतं. पण दोन दिवसांत तिथे जाणं म्हणजे दोन्ही दिवस गाडीतच बसणं. शिवाय भाड्याच्या गाडीला मध्य प्रदेशाचा परवाना आणि कर लागतो, तो ड्रायव्हरने काढलाय का हे सीमेवर गेल्यावर कळून उपयोग नसतो. पचमढी तीन दिवस मोकळे असतील तेव्हाच.

11. रविवारी उतरताना

जेवून दोनच्या आत निघा. चारनंतर सगळे एकदम उतरतात आणि धामणगाव गढीपर्यंत गाड्यांची रांग लागते. एसटीने असाल तर बसस्टँडवर अर्धा तास आधी उभे राहा. कंडक्टरला जागा धरून ठेवायला सांगण्यात अर्थ नाही.

खोली सोडताना बिल नीट बघा. जादा गादी, गरम पाण्याच्या बादल्या, पार्किंग हे आधी बोलले नव्हते असं काही वाढवलेलं असेल तर व्हॉट्सॲपचा मेसेज दाखवा, आवाज चढवायची गरज पडत नाही. पलंगाखाली आणि बाथरूमच्या खुंटीवर एकदा हात फिरवा. चार्जर आणि आजोबांची कानटोपी तिथेच राहते. कचऱ्याची पिशवी खाली परतवाड्यापर्यंत आणा. मुक्तागिरी उतरताना करू असं ठरवलं असेल तर ते चार वाजेपर्यंत आटोपतं का ते बघा, नाहीतर सोडा. सहाच्या आत गावात पोहोचलात तर संध्याकाळची धार तुमच्याच हातची होते, आणि शेजाऱ्यासाठी आणलेला खवा ताजाच देता येतो.